सहा खुर्च्या आणि एक वजनकाटा

आमच्या हँगरच्या दारामागे एक साधा वजनकाटा असतो. विमान घ्यायचं ठरलं तेव्हा सगळ्यात आधी आला तो हा काटा. विमान यायला त्यानंतर दोन वर्षं लागली. गेल्या उन्हाळ्यात सासू-सासरे नाशिकहून आमच्याकडे डॅलसला आले होते. पहिल्या सफरीच्या सकाळी मी सासूबाईंना म्हटलं, "आई, जरा यावर उभ्या राहता का? पर्स हातातच असू द्या." त्या पदर खोचून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "एवढ्या मोठ्या विमानाला माझ्या पर्सचा कसला भार?" पर्सचा भार नऊ पौंड निघाला. औषधांच्या डब्या, पाण्याची बाटली, एक पोथी, नातवंडांसाठी खारे दाणे. नऊ पौंड म्हणजे दीड गॅलन पेट्रोल, आणि दीड गॅलन म्हणजे आमच्या इंजिनाची साधारण साडेपाच मिनिटं. हे सांगितल्यावर त्यांनी बाटली बाहेर काढून ठेवली. मी ती परत आत ठेवायला लावली. टेक्ससच्या जुलैत पाणी लागतंच, फक्त ते मोजलेलं असावं लागतं.

सहा आसनी पिस्टन विमान कोणतं घ्यावं, असं मला आता बरेच जण विचारतात. इथल्या मराठी मंडळात वैमानिकाचा परवाना घेतलेली माणसं वाढली आहेत. कुणाचा स्वतःचा दवाखाना आहे, कुणाचा छोटा कारखाना, आणि बहुतेकांना एकाच विमानातून दोन कामं हवी असतात: आठवड्यात धंदा, सुट्टीत कुटुंब. माझाही हिशेब तोच होता. वैद्यकीय प्रयोगशाळांतल्या तपासणी-यंत्रांची देखभाल हा आमचा व्यवसाय. गिऱ्हाइकं लबक, अमरिलो, मिडलंड, विचिटा फॉल्स आणि त्यांच्या पलीकडच्या लहान गावांत. डॅलसहून लबकला गाडीने पाच-साडेपाच तास लागतात. अमेरिकेत सर्वांसाठी खुले असे पाच हजारांवर विमानतळ आहेत आणि प्रवासी कंपन्यांची नियमित विमानं त्यांतल्या जेमतेम पाचशेंवर उतरतात. उरलेल्या हजारो धावपट्ट्या, गावाच्या कडेला, कापसाच्या शेतालगत, रिकाम्या पडून असतात. लहान विमानाचा सगळा अर्थ या धावपट्ट्यांत आहे. ज्याला डॅलसहून न्यूयॉर्कलाच जायचं आहे त्याने तिकीट काढावं, ते स्वस्तही पडतं आणि सुरक्षितही.

बाजारात गेलं की पहिला धक्का बसतो तो वयाचा. विक्रीला असलेली बहुतेक सहा आसनी विमानं चाळीस-पन्नास वर्षांची असतात. याला कारण आहे. १९७०च्या दशकाच्या शेवटी हा उद्योग भरात होता, मग मागणी कोसळली आणि अपघातांनंतरचे नुकसानभरपाईचे खटले कारखानदारांना पेलेनात. सेसना कंपनीने १९८६ मध्ये पिस्टन विमानं बनवणंच थांबवलं. १९९४ मध्ये अमेरिकी संसदेने कायदा करून लहान विमानांच्या बाबतीत कारखानदाराच्या जबाबदारीला अठरा वर्षांची मर्यादा घातली, तेव्हा कुठे सेसनाने कॅन्ससमध्ये नवा कारखाना काढून पुन्हा सुरुवात केली. मधल्या काळाची पोकळी कधी भरली नाही. नवं सहा आसनी विमान घ्यायचं तर आकडा दहा लाख डॉलरच्या आसपास किंवा पुढे जातो. म्हणून माझ्यासारख्यांचा शोध जुन्यांतच असतो, आणि जुन्या विमानांची मोजकीच घराणी आहेत.

सगळ्यात देखणं घराणं बीचक्राफ्टचं. बोनान्झा १९४७ मध्ये बाजारात आली. तिचा लांब केलेला, सहा खुर्च्यांचा ३६ हा नमुना १९६८ मध्ये आला आणि दोन वर्षांनी ए-३६. उजव्या बाजूला मागे दोन पाखांचं मोठं दार, मधल्या दोन खुर्च्या उलट्या बसवून समोरासमोर बैठक, आधी २८५ आणि १९८४ पासून ३०० अश्वशक्तीचं काँटिनेंटल इंजिन, आत ओढली जाणारी चाकं, १६५ ते १७० नॉटचा वेग आणि तासाला पंधराएक गॅलन पेट्रोल. हाताला ती इतकी गोड आहे की एकदा चालवलेला माणूस दुसऱ्या विमानाकडे नाखुशीनेच वळतो. मीही नाखुशीनेच वळलो.

का वळलो ते सांगतो, कारण या सगळ्या प्रश्नाचं मर्म तिथे आहे. प्रत्येक विमानाच्या कागदपत्रांत त्याचं रिकामं वजन लिहिलेलं असतं आणि उड्डाणाच्या वेळची कमाल मर्यादाही. दोन्हींमधला फरक म्हणजे तुमचा युजफुल लोड: माणसं, सामान, पेट्रोल, सगळं त्यात. मी जी ए-३६ पाहिली तिचा तो १,०५० पौंड होता, म्हणजे सुमारे ४७५ किलो. आमच्या वजनाच्या कार्डावर तेव्हा असं लिहिलं होतं: मी १७८, बायको १४१, मुलगा ८८, मुलगी ५६, सासरे १६५, सासूबाई १३८. बेरीज ७६६. बॅगा ९० धरल्या की ८५६. उरले १९४ पौंड. विमानाचं पेट्रोल गॅलनला सहा पौंड भरतं, म्हणजे ३२ गॅलन. टाकीत मावतं ७४. त्या ३२ गॅलनांत जेमतेम दोन तास उडता येतं आणि त्यातून राखीव पाऊण तास वजा करायचा. सहाही खुर्च्या भरल्या तर डॅलसहून विचिटा फॉल्सला जाता येईल. लबकला नाही.

तेच चौघं असू तर? ४६३ पौंड माणसांचे, ९० बॅगांचे, आणि टाकी काठोकाठ ४४४. बेरीज ९९७. पन्नास पौंड शिल्लक. चौघांना आणि त्यांच्या सामानाला घेऊन पाचशे नॉटिकल मैलांवर एका दमात जाणारं, याहून चांगलं पिस्टन विमान मला माहीत नाही. जाहिरातीतली सहा खुर्च्यांची बोनान्झा व्यवहारात ऐसपैस चार खुर्च्यांची आहे, आणि ज्याचं कुटुंब चौघांचं आहे त्याने डोळे मिटून तिच्याकडे जावं.

वजनाइतकंच महत्त्व ते कुठे ठेवलं याला आहे. बोनान्झाच्या टाक्या पंखांच्या पुढच्या कडेत आहेत, गुरुत्वमध्याच्या पुढे. उडताना पेट्रोल जळतं तसतसं पुढचं वजन कमी होतं आणि तोल मागे सरकतो. शेवटच्या रांगेत दोन मोठी माणसं बसली असतील, मागे बॅगा असतील, तर निघताना मर्यादेत असलेलं विमान उतरताना मर्यादेबाहेर गेलेलं असू शकतं. शेपूट जड झालेलं विमान हाताला हलकं लागतं, छान वाटतं, आणि वेग पडून पंखांचा आधार सुटला तर नाक खाली घ्यायला नकार देतं. म्हणून ए-३६ मध्ये मुलं मागे, मोठी माणसं मध्ये, असा बैठकीचा क्रम ठरून जातो. सर्वांत मागच्या कप्प्यात सत्तर पौंडांच्या वर काही ठेवायचं नसतं. आमच्या दुरुस्तीच्या हत्यारांची एकेक पेटीच त्या घरात जाते.

पायपरचं घराणं बोनान्झाइतकं उमदं नाही, पण ओझ्याला पक्कं. १९६५ मध्ये चेरोकी सिक्स आलं: जाड पंख, न हलणारी चाकं, आधी २६० आणि मग ३०० अश्वशक्ती. हलक्या जुन्या नमुन्यांत युजफुल लोड सोळाशे पौंडांच्या आसपास जातो. म्हणजे हे विमान जवळजवळ स्वतःच्या वजनाइतकं ओझं उचलतं. इंजिन आणि केबिन यांच्या मध्ये शंभर पौंडांचा एक सामानकप्पा आहे आणि मागे दुसरा. तोल पुढे-मागे करायला याहून सोपी सोय दुसऱ्या कुठल्या विमानात मला दिसली नाही. पुढे १९७६ मध्ये आत ओढल्या जाणाऱ्या चाकांचं लान्स आलं, १९८० मध्ये निमुळत्या पंखांचं साराटोगा, आणि ते २००९ पर्यंत बनत राहिलं.

मी पाहिलेल्या स्थिर चाकांच्या साराटोगाचा युजफुल लोड होता १,४५०. आमचं ८५६ चं अख्खं बिऱ्हाड चढवूनही ५९४ पौंड पेट्रोलला उरत होते, म्हणजे ९९ गॅलन. त्याच्या टाकीत मावतात १०२. वेग मात्र १४५ नॉट. डॅलसहून सांता फे सुमारे ४८० नॉटिकल मैल आहे. वारा नसेल तर बोनान्झा पावणेतीन तासांहून थोडी जास्त घेते आणि साराटोगा तीन तास वीस मिनिटं. फरक अर्ध्या तासाचा. पश्चिमेकडे जाताना वारा बहुधा समोरून येतो. २५ नॉटचा वारा धरला तर हा फरक चाळीस मिनिटांवर जातो, कारण संथ विमानाला समोरचा वारा जास्त खातो. ज्याचे प्रवास लांबचे आणि पश्चिमेकडचे आहेत त्याने हे गणित स्वतःच्या मार्गावर करून पाहावं. आमचे बहुतेक प्रवास दीडशे ते तीनशे मैलांचे. तिथे दहा-वीस मिनिटांचा प्रश्न उरतो.

दार हा विषय कुठल्याच माहितीपत्रकात नीट येत नाही आणि रोजच्या वापरात सगळ्यात आधी तोच येतो. सासऱ्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे. पंख खाली असलेल्या विमानात पुढे बसायचं तर पंखावर चढून, वाकून, एका दारातून आत सरकावं लागतं. पायपर आणि ए-३६ या दोघांनाही मागे स्वतंत्र दार आहे, तिथून ते पायरीवर पाय ठेवून थेट खुर्चीत बसतात. पंख वर असलेल्या सेसनात चढणं सोपं, उन्हात सावली आणि पावसात आडोसा.

त्या सेसनांत दोन नावं येतात. २०६, म्हणजे स्टेशनएअर, १९६४ पासूनचं, स्थिर चाकांचं, कच्च्या पट्टीवर उतरणारं. उजवीकडे मागे मालवाहू दुहेरी दार, त्यातून फ्रिजसुद्धा आत जाईल. सामान हाच ज्याचा धंदा आहे त्याने हे घ्यावं. पण एक गोष्ट विकत घेण्याआधी स्वतः करून पाहावी: फ्लॅप खाली करून ते दुहेरी दार आतून उघडावं. फ्लॅप उतरलेला असला की दाराचं पुढचं पाखं त्याला अडतं आणि पूर्ण उघडत नाही. मागचं पाखं उघडायची खिटी त्या पुढच्या पाख्याआड लपलेली. पाण्यावर उतरणारी २०६ विमानं उलटून आतली माणसं बाहेर पडू शकली नाहीत, असे अपघात झालेले आहेत, आणि कॅनडाच्या अपघात-तपास मंडळाने यावर वारंवार बोट ठेवलं आहे. मी मुलाला मागे बसवून हा प्रयोग केला. त्याला दार उघडायला किती वेळ लागला ते पाहून मी गप्प झालो. ज्यांच्याकडे २०६ आहे त्यांनी घरातल्या प्रत्येकाकडून हा सराव डोळे मिटून करून घ्यावा.

दुसरं २१०, सेंच्युरियन. १९६० पासून १९८६ पर्यंत बनलेलं, चाकं आत घेणारं, वेगवान, आणि सहा खुर्च्यांत पल्ला व ओझं यांचा सगळ्यात चांगला मेळ घालणारं. माझं मन याच्यावर बसलं होतं. ओक्लाहोमात एक सापडलंही. नवा रंग, नवी कातडी आसनं, डोळ्यांत भरणारं. १९६७ पासूनच्या २१० ला पंखाखाली तिरका टेकू नाही. दोन्ही पंखांचा सगळा भार केबिनच्या छतातून आडव्या जाणाऱ्या एका तुळईवर असतो. मे २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियात माउंट आयझाजवळ भूमापनाचं काम करणाऱ्या एका टी-२१० चा पंख हवेतच तुटला, त्याच तुळईत भेग गेली होती. दोघं गेले. त्यानंतर अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाने या तुळईची तपासणी सक्तीची केली.

आमच्या मेकॅनिकने त्या विमानाच्या छताचं कापड खाली ओढलं. तुळईच्या खालच्या अंगाला कारखान्यातूनच आवाज कमी करण्यासाठी फोमची पट्टी चिकटवलेली असते. त्याने ती प्लास्टिकच्या पातीने हळूहळू सोलली. फोम दमट लागला. खाली ॲल्युमिनियमवर पांढरट पावडर होती, रवाळ, बोटाला लागणारी. त्याने ती पुसली आणि विजेरी आडवी धरली, तेव्हा धातूवर खळगे दिसले, तांदळाच्या कणीएवढे. किती खोल गेले आहेत हे मोजायला खळगे घासून काढावे लागणार होते आणि मर्यादेपलीकडे गेले तर तुळई बदलावी लागणार होती. विकणाऱ्याने त्या वर्षीच्या तपासणीचा कागद पुढे केला, त्यावर सगळं ठीक असल्याची सही होती. कुणीतरी फोम न काढताच सही केली होती. आम्ही मेकॅनिकचे पैसे दिले आणि परत आलो. त्या तपासणीला गेलेले पैसे हे माझ्या सगळ्या खरेदीतले सर्वांत चांगले खर्च झालेले पैसे आहेत.

जुन्या विमानाची खरेदी म्हणजे त्याच्या मागच्या चाळीस वर्षांची खरेदी. ते समुद्रकाठी उभं होतं का, उघड्यावर होतं का, किती वर्षं न उडता पडलं होतं, हे इंजिनाच्या तासांइतकंच महत्त्वाचं. इंजिनाच्या मोठ्या दुरुस्तीची शिफारस साधारण १,७०० ते २,००० तासांची असते, पण दहा वर्षांत तीनशेच तास उडालेलं इंजिन मी घेणार नाही. न वापरलेल्या इंजिनात गंज बसतो. दर आठवड्याला उडणारं, तेलाचे डाग पडलेलं, रंग उडालेलं विमान त्याच्यापेक्षा बरं.

दोन इंजिनांचा प्रश्न घरच्यांकडून येतो. "एक बंद पडलं तर?" हे बायकोने पहिल्याच दिवशी विचारलं. दोन इंजिनांच्या सहा आसनी विमानांत बीचचं बॅरन ५८ आणि पायपरचं सेनेका ही दोन नावं मुख्य. बॅरन सुरेख विमान आहे, १९० ते २०० नॉट, मागे ए-३६ सारखंच मोठं दार, पण तासाला तीसेक गॅलन पेट्रोल आणि देखभाल दुपटीहून थोडी जास्त. खरं उत्तर मात्र उंचीत आहे. पूर्ण भरलेलं बॅरन एका इंजिनावर साधारण सात हजार फुटांच्या वर टिकत नाही. सांता फेचा विमानतळच ६,३०० फुटांवर आहे. जुलैच्या दुपारी ३० अंश तापमानाला तिथली हवा साडेनऊ हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ होते. तिथून उडताना एक इंजिन गेलं तर दुसरं विमानाला वर नेणार नाही, आणि एकाच बाजूचा जोर विमानाला फिरवायला बघेल. त्या काही सेकंदांत योग्य पाय योग्य पेडलवर दाबायचा तर सराव ताजा लागतो. वर्षाला दोनशे तास उडणाऱ्या आणि दर सहा महिन्यांनी शिक्षकाबरोबर हे घोटणाऱ्या माणसाला दुसरं इंजिन खरंच वाचवतं, विशेषतः रात्री आणि पाण्यावरून. मी वर्षाला शंभर-सव्वाशे तास उडतो. मी एकाच इंजिनाची निगा राखावी हे मला पटलं.

त्याच विरळ हवेत टर्बो नसलेलं एकेरी इंजिनही जेमतेम सत्तर टक्के ताकद देतं. म्हणून डोंगराकडून आम्ही सकाळी सातच्या आत निघतो. ज्यांचं राहणं कोलोरॅडोत आहे त्यांनी टर्बोचाच विचार करावा.

हवा दाबलेली केबिन ही त्याच्या पुढची पायरी, आणि इथे पायपर मालिबूचं नाव आधी येतं. १९८३ मध्ये प्रमाणित झालेलं, एका पिस्टन इंजिनाचं, २५,००० फुटांवर जाणारं, आणि त्या उंचीवर आत आठ हजार फुटांचा दाब राखणारं. १९८९ पासून ३५० अश्वशक्तीचं मिराज आणि २०१५ पासून एम-३५०. केबिनमध्ये दाब नसेल तर साडेबारा हजार फुटांच्या वर अर्ध्या तासाहून जास्त राहायला वैमानिकाला ऑक्सिजन लागतो आणि पंधरा हजारांच्या वर प्रत्येक प्रवाशासाठी त्याची सोय ठेवावी लागते. आठ वर्षांच्या मुलीच्या नाकात तीन तास नळी राहत नाही. उतरताना मुलांचे कान दुखतात तेही दाबाच्या केबिनमध्ये कमी होतं. लांबच्या पल्ल्याला, ढगांच्या वरून, कुटुंबासह जायचं तर पिस्टन विमानांत मालिबूला तोड नाही. पण १९८९ ते १९९१ या काळात त्या विमानाचे लागोपाठ सात जीवघेणे अपघात झाले. प्रशासनाने काही काळ ढगांतून उडण्यावर बंदी घातली, विमानाचा आराखडा पुन्हा तपासला आणि मूळ दोष आराखड्यात सापडला नाही. उंच, वेगवान, गुंतागुंतीचं यंत्र त्याची सवय नसलेल्या हातांत गेलं होतं. आज विमा कंपन्या मालिबूसाठी दरवर्षी ठरावीक प्रशिक्षण मागतात, ते योग्यच आहे. आणि इथेही टाकी पूर्ण भरली की सहा जणांचं वजन उरत नाही.

डायमंडचं डीए-६२ या यादीत नवं आहे. सात खुर्च्या, दोन डिझेल इंजिनं, आणि ती चालतात जेट विमानांच्या इंधनावर. इंधनही कमी पितं. किंमत माझ्या आवाक्याबाहेर होती म्हणून मी त्याच्या खोलात गेलो नाही, पण पुण्याच्या मावसभावाने भारतात असं काही जमेल का विचारलं तेव्हा मी त्याचंच नाव घेतलं. बाकीच्या विमानांना लागणारं, शिसं असलेलं विमानी पेट्रोल भारतात वर्षानुवर्षं आयातच व्हायचं. इंडियन ऑइलने २०२२ मध्ये वडोदऱ्याच्या शुद्धीकरण कारखान्यातून ते बनवायला सुरुवात केली. तरी ते मोजक्याच ठिकाणी मिळतं. जेटचं इंधन तुलनेने सगळीकडे आहे.

आमच्याकडेही पेट्रोलचा प्रश्न दारात येऊन उभा आहे. बहुतेक पिस्टन विमानं आजही शिसंयुक्त १०० ऑक्टेन पेट्रोल जाळतात आणि अमेरिकेने २०३० च्या अखेरीपर्यंत ते बंद करायचं उद्दिष्ट ठेवलं आहे. शिसंविरहित १०० ऑक्टेन इंधनाला सप्टेंबर २०२२ मध्ये मान्यता मिळाली, पण ते सर्वत्र पोचलेलं नाही आणि सगळे कारखानदार त्याच्या बाजूने नाहीत. यांतल्या बहुतेक मोठ्या इंजिनांना ९४ ऑक्टेनचं शिसंविरहित इंधन पुरत नाही. हे बदलायला हवंच, असं मला वाटतं. आमची मुलगी टाकीतलं पेट्रोल तपासायच्या वेळी माझ्या शेजारी उभी असते.

धंद्याच्या वापराबद्दल एक गोष्ट स्पष्ट असू द्या. खासगी परवान्यावर तुम्ही स्वतःच्या कामाला, स्वतःच्या सहकाऱ्यांना घेऊन जाऊ शकता, उडणं हे त्या कामाचं साधन असेल तोवर. गिऱ्हाइकाकडून प्रवासाचे पैसे घेतलेत की तो भाड्याचा धंदा झाला, त्याला वेगळा परवाना लागतो. मित्रांबरोबर जाताना पेट्रोल, तेल, विमानतळाचं शुल्क समान वाटून घेता येतं, त्यापलीकडे काही नाही. आपल्या लोकांत "माझं तेवढं घे ना" असं आग्रहाने म्हणतात, म्हणून सांगितलं.

साराटोगा घ्यायचं ठरवलं त्या रात्री बायकोने विचारलं, "केनेडींच्या मुलाचं हेच विमान होतं ना?" होतं. १६ जुलै १९९९ ला जॉन केनेडी ज्युनियर पत्नी आणि मेहुणी यांना घेऊन न्यू जर्सीहून मार्थाज व्हिनयार्डकडे निघाले. चुलत बहिणीच्या लग्नाला जायचं होतं. त्यांच्या विमानाची चाकं आत जाणारी, बाकी विमान हेच. निघायला उशीर झाला, अंधार पडला, समुद्रावर धूसर हवा होती आणि क्षितिज दिसेना. उपकरणांवर उडण्याचं रेटिंग त्यांच्याकडे नव्हतं. तपासात अपघाताचं कारण निघालं ते दिशाभ्रमाचं; यंत्रात दोष सापडला नाही. मी तिला अहवाल वाचून दाखवला. तिने दोन अटी घातल्या: मी ते रेटिंग पूर्ण करेपर्यंत मुलं बसणार नाहीत, आणि रात्री पाण्यावरून कधीच नाही. दोन्ही मी मान्य केल्या आणि पाळल्या.

रेटिंग असलं म्हणजे सगळं झालं असंही नाही. आवाजाच्या दुप्पट वेगाने उडणारा पहिला माणूस, एक्स-१५ चा वैमानिक स्कॉट क्रॉसफील्ड, एप्रिल २००६ मध्ये आपल्या सेसना २१० मधून घरी जात होता. जॉर्जियावर त्याचं विमान गडगडाटी वादळात शिरलं आणि तुटलं. त्याच्याइतकं विमान कळणारी माणसं जगात थोडीच झाली असतील. एप्रिल-मेमध्ये टेक्ससच्या आकाशात तशी वादळं दर आठवड्याला उभी राहतात.

म्हणून आमच्या व्यवसायात मी एक पद्धत बसवली. सोमवारच्या सकाळच्या भेटीला मी विमानाने येईन असं गिऱ्हाइकाला कधीच सांगत नाही. रविवारी दुपारपर्यंत हवा पाहतो आणि शंका असली तर रात्रीच गाडी काढतो. गाडीत तेलपाणी भरलेलं असतं, हत्यारांच्या पेट्या अशा आहेत की दहा मिनिटांत विमानातून गाडीत जातात. कुटुंबाच्या सहलीला मुक्कामाची जागा आगाऊ पैसे न अडकणारीच घेतो. विमान कोणतं हे ठरवताना मी याचाही विचार केला: चाकं स्थिर, यंत्रणा साधी, विमा परवडणारा, म्हणजे त्यावर ओढून-ताणून तास काढायची घाई मनात राहत नाही.

गेल्या डिसेंबरात सहाही जण लबकला निघालो होतो, तिथल्या मित्राकडे. ढग आठशे फुटांवर होते आणि ढगात शून्याखालचं तापमान. साराटोगाला बर्फ साचेल अशा ढगांत उडायची परवानगी नाही. सामान चढलेलं, मुलं पट्टे लावून बसलेली. सासरे मागून म्हणाले, "तुम्हाला पटत नसेल तर उतरतो आम्ही, आम्हाला कसली घाई?" आम्ही उतरलो. सासूबाईंनी हँगरमध्येच डबा उघडला. काट्याशेजारच्या बाकावर बसून सगळ्यांनी थालीपीठं खाल्ली आणि दोन गाड्या करून निघालो.

वजनाचं कार्ड खुर्चीमागच्या खिशात असतं. मोठ्यांची वजनं शाईने लिहिली आहेत, मुलांची पेन्सिलने. मुलगा ८८ वरून आता ११४ वर गेला आहे, मुलगी ७१ वर. दर वाढदिवसाला ती दोघं स्वतःच काट्यावर उभी राहतात, जुना आकडा खोडतात आणि नवा लिहितात, आणि मी खाली पेट्रोलच्या रकान्यातून तेवढे गॅलन कमी करतो.